अफजलखानाचं हसू

पाचवीपासून आठवीपर्यंत सलग चार वर्षं मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये अफजलखान झालो. शाळेचं नाव सांगत नाही. ज्या सरांनी मला निवडलं ते आजही रस्त्यात भेटले की गाडी थांबवून चौकशी करतात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. हजेरीपटावर माझं नाव वाचलं आणि भूमिका ठरली, इतकं ते सोपं होतं. वर्गात आम्ही दोघंच मुसलमान, मी आणि माझा चुलतभाऊ. तो अंगाने बारीक, म्हणून तो मदारी मेहतर. अंगाने भरलेला मी, म्हणून मी खान.

आमचं घर शिवथरच्या खोऱ्यात. इथे इतिहास पुस्तकात वाचायचा नसतो, तो खिडकीतून दिसतो. एका बाजूला रायगड, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की प्रतापगड, उमरठला तानाजींची समाधी आणि आमच्या वरच्या अंगाला शिवथरघळ, जिथे समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात. पावसाळ्यात घळीचा धबधबा बघायला येणारे पर्यटक अब्बांच्या दुकानात चहा-बिस्किटं घेतात आणि रस्ता विचारतात. अशा गावात गॅदरिंगला दुसरं कुठलं नाटक असणार? आणि अशा गावातल्या पोराला काय व्हावंसं वाटणार? मला तानाजी व्हायचं होतं.

तरी खरं सांगतो, खानाचं काम मला आवडायला लागलं होतं. तागाची दाढी, दादीच्या जुन्या शालूचा अंगरखा, आणि ते गडगडाटी हसू. त्या हसूला पहिल्या रांगेतली बारकी पोरं रडायची. मला खटकायचं ते दुसऱ्या दिवशी. मधल्या सुट्टीत पोरं गमतीने कोथळा काढायचा खेळ खेळायची आणि कोथळा दर वेळी माझाच निघायचा.

सिनेमा, मालिका, संगीत नाटक यांचा नाद मला तिथूनच लागला असावा. आवडत्यांची यादी लिहायला बसलो की माझ्या मनात हाच प्रश्न येतो: कोण कोणाचं काम करतंय आणि कुठल्या भाषेत बोलतंय?

यादीत पहिला नंबर ‘शेजारी’चा. १९४१चा सिनेमा, व्ही. शांताराम यांचा प्रभातमधला शेवटचा. मी तो पहिल्यांदा पाहिला २०२१च्या पावसाळ्यानंतर. २२ जुलैला महाडात पाणी भरलं, तळियेवर दरड कोसळली. आम्ही पोरं आठवडाभर लोकांच्या घरांतला चिखल उपसत होतो. त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही, म्हणून मोबाईलवर जुने सिनेमे बघायचो. ‘शेजारी’त दोन म्हातारे आहेत, एक पाटील आणि एक मिर्झा. दोघे बुद्धिबळ खेळतात, भांडतात, पुन्हा खेळतात. धरण बांधायला आलेला एक पैसेवाला त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. उशाला ओल्या भिंतीचा वास असताना मी तो शेवट पाहिला. त्यावर समीक्षा लिहायची माझी लायकी नाही.

पण दुसऱ्या दिवशी शोधताना एक गोष्ट कळली आणि मी उडालोच. हा सिनेमा हिंदीतही झाला, ‘पडोसी’ नावाने. दोन्हींत मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठीत पाटील झाले केशवराव दाते. आणि हिंदीत त्या हिंदू शेजाऱ्याचं, ठाकूरचं काम केलं मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला, मुसलमान नट हिंदू झाला. आदल्याच वर्षी लाहोरचा ठराव झालेला, देशात काय शिजत होतं हे सगळ्यांना दिसत होतं, आणि शांतारामबापूंनी भूमिकांची अदलाबदल करून टाकली. भाषण नाही, घोषणा नाही. नुसती कामं वाटून दिली. आमच्या सरांना हे सुचलं असतं तर मी तानाजी झालो असतो.

दुसरा नंबर ‘कट्यार काळजात घुसली’. इथे माझं स्वतःशीच भांडण आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७चं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे. मी अर्थातच आधी २०१५चा सिनेमा पाहिला आणि मग नाटकाच्या रेकॉर्डिंगकडे गेलो. त्यातलं गाणं माझ्या अंगात भिनलंय. दुकानाचं शटर उघडताना मी त्यातल्या ताना घेतो आणि समोरच्या सलूनमधले काका आतून ओरडतात, “बस कर रे!”

सिनेमा मात्र दुसऱ्यांदा बघताना टोचला. त्यात पंडितजींचा आवाज जातो तो खाँसाहेबांच्या बायकोने शेंदूर खाऊ घातल्यामुळे. खाँसाहेब काळ्या कपड्यांत, डोळ्यांत जाळ. पंडितजी उजेडात, शांत, क्षमाशील. कलावंताच्या अहंकाराची गोष्ट पडद्यावर येता येता दोन घरांची गोष्ट होते आणि कुठलं घर कोणाचं हे कपड्यांवरून कळतं. सचिन पिळगावकरांनी काम जीव ओतून केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण थिएटरातून बाहेर पडताना माझ्या एका मित्राने सहज म्हटलं, “तुमचा खाँसाहेब भारी होता हं.” तुमचा! अरे, तो बरेलीचा. मी बिरवाडीच्या बाजारात भाजी घेणारा माणूस. माझा तो कसा?

कोणी म्हणेल, कलाकृती एवढी ताणू नये. बरोबर आहे. खाँसाहेब उत्तरेतून आलेला गवई आहे, तो उर्दू मिसळूनच बोलणार. वसंतराव स्वतः लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकून आले होते. त्यांच्या खाँसाहेबात जो रुबाब आहे त्यात गुरूबद्दलचं प्रेम ऐकू येतं, म्हणून मूळ नाटकावर माझा राग नाही. माझा राग त्यानंतरच्या पन्नास वर्षांवर आहे. बरेलीच्या खाँसाहेबांची भाषा मराठी मालिकांनी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुसलमानाच्या तोंडी चिकटवली. चाचा कोल्हापूरचा असो की लातूरचा, दारात आला की “अल्ला कसम, हम तुमको बोल्या था” सुरू. आमच्या घरात दादी कोकणी बोलते, अम्मी शाळेत मराठीत शिकली, आणि अब्बा गिऱ्हाइकाशी ज्या मराठीत घासाघीस करतात ती ऐकून पुण्याचे लोक गप्प बसतात. हे घर मी अजून कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही.

आणि खरे खाँसाहेब कसे होते? किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तरेतून आले आणि मिरजेचे झाले. त्यांच्या आवाजात मराठी नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांच्या मुली म्हणजे हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे, मुलगा सुरेशबाबू माने. बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रिया होऊन गात होते त्या काळात हिराबाई स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या, स्वतःची नाटक कंपनी चालवली. ह्या एका कुटुंबावर मोठं संगीत नाटक उभं राहील. बाप, आई, वेगळी झालेली आडनावं, घराघरांत पोचलेलं गाणं, सगळं त्यात आहे. कोणी लिहायला घेतलं तर तिकीट मी आजच काढतो.

तिसऱ्या नंबरावर ‘सैराट’ आहे, आणि कारण आर्ची-परश्या नाही. कारण सल्या. अरबाज शेखने केलेला सल्या परश्यासारखीच करमाळ्याची बोली बोलतो, क्रिकेट खेळतो, मित्राच्या प्रेमात स्वतःच गुरफटतो, त्याच्यासाठी मार खातो. तो मुसलमान आहे हे कुठे सांगितलेलं नाही, नावावरून कळतं तेवढंच. नमाजी टोपी नाही, “भाईजान” नाही, एकात्मतेचा संवाद नाही. नागराज मंजुळेंनी हे मुद्दाम केलं की गावात असंच असतं म्हणून आपसूक झालं, कोण जाणे. २०१६मध्ये आम्ही सहा जण तो बघायला गेलो होतो. परतताना जीपमध्ये सगळे आर्चीबद्दल बोलत होते आणि माझा चुलतभाऊ, तोच जुना मदारी मेहतर, एवढंच म्हणाला, “सल्या आपल्यासारखा बोलतो रे.”

‘हलाल’बद्दल लिहायचं टाळत होतो, पण टाळलं तर तुम्ही विचाराल. राजन खान यांच्या कथेवरचा, शिवाजी लोटन पाटील यांचा, २०१७मध्ये आलेला सिनेमा. खेड्यातले मराठी मुसलमान, तलाक आणि हलाला. आमच्याकडे काहींना तो बघण्याआधीच राग आला होता. मी बघितला आणि मला तो पटला. त्यातली बाई खरी आहे, तिची घुसमट खरी आहे, आणि असं आमच्यात होत नाही असं म्हणणाऱ्याने आपल्याच मोहल्ल्यातल्या चार घरी जाऊन यावं. माझी तक्रार वेगळी आहे. मुसलमान बाई मराठी सिनेमाच्या मध्यभागी येते ती तलाक घेऊनच. तिचं एमपीएससी, तिचं ब्युटी पार्लर, तिचं नवऱ्याला कुवेतला व्हिडिओ कॉल करून झापणं, हे कधी येणार?

म्हणूनच ‘मिस मार्व्हल’ मी आणि माझ्या बहिणीने दोनदा पाहिली. २०२२ची, सहा भागांची मालिका. जर्सी सिटीतली कमला खान सुपरहिरोंची वेडी चाहती आहे, आणि तिच्या चाहत्यांच्या मेळाव्यासाठी आई-बाप हल्कच्या हिरव्या रंगाचा सलवार-कमीज शिवून आणतात. बाप तर स्वतःच हिरवा होऊन येतो. कमला शरमेने अर्धी होते. बहीण एवढी हसली की अम्मी स्वयंपाकघरातून बघायला आली. त्यात मशिदीतून चपला चोरीला जातात आणि कमलाची मैत्रीण मशिदीच्या कमिटीची निवडणूक लढवते. शेवटचे भाग मला गोंधळाचे वाटले, जादू जास्त आणि माणसं कमी. पण चपला चोरीला जाण्याचा प्रश्न अमेरिकेतही तसाच आहे हे बघून फार बरं वाटलं.

ऐतिहासिक सिनेमांवर न लिहून चालणार नाही. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका आमच्या दादीने इशाची नमाज आटपून रोज पाहिली आणि शेवटच्या भागांत ती पदराने डोळे पुसत होती. मागच्या वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला. आम्ही गावातली पोरं गाडी करून गेलो. शेवटच्या छळाच्या प्रसंगात मीही रडलो. मग दिवे लागले, घोषणा सुरू झाल्या आणि आमच्याच रांगेतल्या एकाने माझ्याकडे पाहिलं. अर्धा सेकंद असेल. लगेच त्याने नजर वळवली आणि बाहेर आल्यावर न मागता मला वडापाव घेऊन दिला. तो वडापाव मी खाल्ला, पण अजून पचलेला नाही. त्याचं अवघडणं आणि माझं अवघडणं, दोन्ही त्या पडद्यातून आले होते.

संभाजीराजांवर सिनेमा निघू नये असं मी कधीच म्हणणार नाही, रायगडाच्या सावलीत वाढलोय. माझं म्हणणं एवढंच की पडद्यावर इब्राहिमखानाचा तोफखाना, दौलतखानाचं आरमार, काझी हैदरची लेखणीही येऊ द्या. मदारी मेहतरबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, त्याला बाजूला ठेवा. पण दौलतखान तर कागदोपत्री आहे. शिवरायांचं आरमार, जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंज, समोर इंग्रज. ह्यात दोन सीझनची मालिका पडून आहे.

महाराजांवरचं माझं सगळ्यात लाडकं काम सिनेमात नाही, रंगमंचावर आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’, २०१२चं. कल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं, लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव, आणि नट जालन्याकडचे शेतकरी. यम शिवरायांना न्यायला येतो, त्यांचे विचार ज्या पगडीत आहेत ती पगडी पृथ्वीवर हरवतो आणि मग ती कोणाच्या डोक्याला बसते ते शोधत फिरतो. लॉकडाऊनमध्ये मी मोबाईलवर ‘हॅमिल्टन’ पाहिलं तेव्हा हेच नाटक आठवलं. तिकडे काळे आणि लॅटिनो कलाकार अमेरिकेचे संस्थापक होऊन रॅप करतात, इकडे जालन्याचे शेतकरी पोवाड्यात इतिहासाला प्रश्न विचारतात. आमचा रॅप जुना आहे. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांनी, म्हणजे शाहीर अमर शेखांनी, संयुक्त महाराष्ट्रासाठी मैदानं हलवली तेव्हा माईकचीही गरज नव्हती असं जुनी माणसं सांगतात.

हे लिहायला निमित्त झालं ते भाचीचं. चौथीत आहे. यंदाच्या गॅदरिंगमध्ये ती जिजाऊ आहे, नवीन बाईंनी चिठ्ठ्या टाकून कामं वाटली. दादी तिच्यासाठी नऊवारी आखूड करत बसली आहे आणि नथ कोणाकडून आणायची यावर घरात तीन मतं आहेत. खानाची चिठ्ठी समोरच्या सलूनवाल्या काकांच्या नातवाला निघाली. काल संध्याकाळी तो दुकानात आला, काउंटरला हात टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “मामा, ते हसायचं कसं, मला येत नाही.” मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला करून दाखवलं. पहिल्या दोन वेळा त्याला खोकलाच आला.