छपराचे काय?

घरकुलाचे अनुदान 50 हजारांनी वाढवल्याबद्दल राज्य सरकार स्वतःची पाठ थोपटून घेत आहे. त्यातले 35 हजार बांधकामाला, 15 हजार छतावरच्या सौर पॅनलला. छत उन्हात तापते हे सरकारला कळले म्हणायचे, पण विजेपुरतेच! त्या छताखाली माणसे राहतात, हे कळायचे अजून बाकी आहे.

हिशेब करा. घरकुल किमान 269 चौरस फुटांचे. 1 किलोवॉटची पॅनल त्यातले जेमतेम 100 चौरस फूट झाकणार. उरलेला स्लॅब दिवसभर ऊन पिणार आणि रात्री उशिरापर्यंत ते खाली ओकणार. मराठवाड्यातल्या बिडकीनसारख्या गावात भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. कोणी पत्र्यावर कडबा अंथरतो, कोणी ओली पोती टाकतो, कोणी चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारतो. यातला तिसरा उपाय अडाणी नव्हे, शास्त्रशुद्ध आहे. पांढरे छत ऊन परतवते. घरातला उकाडा दोन-तीन अंशांनी तरी उतरतो. आपल्या आजोबांच्या माळवदाला जाड मातीचा थर होता. स्लॅब आला, माळवद गेले आणि गारवाही गेला.

शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये शीतल छतांचे धोरणच आणले. सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. अहमदाबादने 2017 पासून झोपडपट्ट्यांची छते रंगवली. तेलंगणाने सांगितलेला खर्च चौरस मीटरला 300 रुपयांच्या आसपास. म्हणजे अख्खे घरकुल साडेसात हजारांत, सौर अनुदानाच्या निम्म्यात! चुना पावसात धुऊन जातो, धुळीने मळतो, ही सबब आम्हाला ठाऊक आहे. मग दरवर्षी मारा. रस्त्यांवरचे खड्डे दरवर्षी बुजवताच ना?

बिडकीनच्या 7,855 एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचे सप्टेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. रस्ते, वीज, पाणी, सारे उद्योगांच्या दिमतीला. उद्या तिथल्या यंत्रांना उकाडा सोसवणार नाही म्हणून शेडना उष्णतारोधक छते येतील. यंत्र चालवणारा मात्र पाळी संपवून तापल्या पत्र्याखालीच झोपणार. मराठवाड्याच्या विकासाची ही तऱ्हा आहे.

उन्हाळा आला की प्रशासनाची पत्रके निघतात: दुपारी 12 ते 3 घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. शाळा सकाळी भरवल्या की कर्तव्य संपले. पण अहो, घरच भाजत असेल तर माणसाने जायचे कुठे? पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्याला भरपूर पाणी प्या सांगणे आणि पत्र्याखालच्याला घरात थांबा सांगणे, ही एकाच जातीची थट्टा आहे.

समित्या नकोत, अभ्यासगट नकोत. घरकुलाच्या शासन निर्णयात एक ओळ वाढवा: छत पांढरे केल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, आणि त्याचे पैसे सरकारचे. जिल्हा परिषदेच्या शाळा व अंगणवाड्यांपासून सुरुवात करा, पुढच्या मार्चच्या आत. चुना महाग नाही. महाग झाली आहे ती सरकारची इच्छाशक्ती.