कांद्याची ट्रॉली आणि ब्रेकचा प्रश्न

लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा विंचूर येथील बाजाराच्या आवारात लिलाव आटोपला, की कांद्याची ट्रॉली भुईकाट्यावर उभी राहते. भरलेल्या वाहनाचे वजन होते, माल उतरल्यावर रिकाम्याचे होते, आणि वजाबाकीतून निघालेल्या आकड्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम ठरते. क्विंटल-किलोपर्यंतचा हा हिशेब असतो. त्यात चूक झाली तर आवारात गोंधळ माजतो, आणि तो माजावा हे योग्यच आहे. पण वजाबाकी झाल्यावर चिठ्ठीवरील पहिला आकडा, म्हणजे भरलेल्या वाहनाचे एकूण वजन, कोणाच्याच उपयोगाचा उरत नाही. वस्तुतः त्या पहाटे हे वाहन ज्या रस्त्याने आले, त्या रस्त्यावर ते वेळेत थांबू शकले असते की नाही, हे सांगणारा आकडा तोच असतो.

ओढणारे यंत्र किती ओढू शकते हा एक प्रश्न आहे, आणि ते किती थांबवू शकते हा दुसरा. या दोहोंची गल्लत ग्रामीण वाहतुकीत सर्रास केली जाते. ट्रॅक्टर हे मुळात ओढण्यासाठीच बनलेले यंत्र. चिखलात नांगर ओढण्याइतके बळ त्याच्या इंजिनात असल्याने सपाट डांबरी रस्त्यावर दोन ट्रॉल्यादेखील तो सहज नेतो, आणि नेतो म्हणूनच त्या त्याला जोडल्या जातात. ब्रेक मात्र सर्वसाधारणपणे त्याच्या मागील दोन चाकांनाच असतात, आणि जिल्ह्यातील रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने बांधावरून खळ्यापर्यंत जाणाऱ्या वाहनाला ही व्यवस्था पुरेशी होती. तेच वाहन मुंबई-आग्रा महामार्गावर येते तेव्हा ती पुरेशी राहत नाही.

एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ट्रॅक्टरचे वजन दोन टन, रिकाम्या चारचाकी ट्रॉलीचे सव्वा टनाच्या आसपास आणि आत तीस क्विंटल कांदा धरला, तर एकूण भार सहा टनांहून थोडा अधिक होतो. यांपैकी ब्रेक असलेल्या चाकांवर पडणारा भार सव्वा ते दीड टन, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा. थांबवण्याची सारी शक्ती या पाचव्या हिश्शातून यायची आणि उरलेल्या चार हिश्शांनी मागून ढकलत राहायचे, असा हा व्यवहार आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे असे वाहन कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असताना, थांबण्यास २४ मीटरांच्या आसपास अंतर घेईल. दर वीस मीटरांस एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर हेच अंतर ३६ मीटरांच्या घरात जाते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणारे आठ-नऊ मीटर यांत धरलेले नाहीत. ट्रॉलीच्या चारही चाकांना ब्रेक असता, तर सपाट रस्त्यावर हे काम सहा-सात मीटरांत झाले असते. वेग दुप्पट केला तर लागणारे अंतर चौपट होते, हा शाळेच्या पदार्थविज्ञानातला नियम येथेही लागू आहेच. रस्ता ओला असला, तर वरचे सगळे आकडे आणखी वाढवून घ्यावे लागतात.

उसाच्या वाहतुकीत परिस्थिती याहून बिकट. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर फळ्यांच्या कितीतरी वर रचलेला ऊस, आणि बाजूंनी बाहेर आलेल्या टिपऱ्यांमुळे असतील तेही दिवे व परावर्तक झाकलेले, असे दृश्य गाळपाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या रस्त्यांवर नवे नाही. येथे ब्रेकच्या चाकांवरील भाराचे एकूण भाराशी प्रमाण पाचव्या हिश्शावरून दहाव्यापर्यंत खाली येते.

पाश्चात्त्य देशांत सहलीसाठी चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून नेण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत मध्यम आकाराच्या पिकअप गाडीमागे असे घर ओढणारी कुटुंबे सुटीच्या दिवसांत महामार्गांवर दिसतात. त्या प्रवासामागील दक्षता पाहण्यासारखी असते. गाडी किती भार ओढू शकेल ते निर्मात्याने ठरवून दिलेले असते. जोडगाडीच्या एकूण भारापैकी १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, अशा बेताने सामान रचले जाते. पिन निसटलीच तर जोडगाडी मोकळी सुटू नये म्हणून साखळ्या लावल्या जातात. युरोपात तर ७५० किलोंपेक्षा अधिक एकूण वजनाच्या जोडगाडीला स्वतःचा ब्रेक असणे बंधनकारक आहे. हौसेखातर ओढल्या जाणाऱ्या पाऊण टनाला तेथे ब्रेक लागतो. पोटासाठी ओढल्या जाणाऱ्या चार टनांना येथे लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चाकांवरच्या घरांची चर्चा वृत्तपत्रांतून झाली. चाकांवरच्या कांद्याच्या वाट्याला तेवढीही चर्चा आली नाही.

हुकावर किती भार यावा हे शास्त्र परदेशातून आणण्याची मात्र गरज नाही. बैलगाडी भरणाऱ्या पिढीला ते पुरते ठाऊक होते. ओझे मागे अधिक झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे अधिक झाले तर त्यांचे खांदे सोलतात. हा तोल साधता येणे हेच गाडीवानाच्या शहाणपणाचे माप होते. दोनचाकी ट्रॉलीचे गणित नेमके हेच. ओझे मागे गेले तर हूक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि रस्त्यावरील त्यांची पकड, म्हणजे पर्यायाने ब्रेकची शक्ती, घटते. ओझे फार पुढे आले तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन सुकाणू निकामी होते. बैलाची मान सोलली म्हणजे दिसत असे. ट्रॅक्टर तक्रार करीत नाही, म्हणून हे ज्ञान एका पिढीत विसरले गेले.

विसरलेल्या गोष्टी आणखीही आहेत. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी ब्रेकची दोन वेगळी पायटे असतात. शेतात जागच्या जागी वळण घेता यावे यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर येताना ही दोन्ही पायटे खिटीने एकत्र जोडावयाची असतात. नाही जोडली आणि घाईत पाय एकावरच पडला, तर ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो आणि मागील ट्रॉली त्याला आडवी होऊन भिडते. चांदवडजवळच्या राहुड घाटासारख्या उतारावर डिझेल वाचावे म्हणून गियर काढून वाहन मोकळे सोडणे हाही असाच आत्मघातकी प्रकार. जो गियर चढासाठी लागला असता तोच उतारासाठी ठेवावा, म्हणजे इंजिनच अर्धा ब्रेक होते, हे अनुभवी चालक जाणतात. पण पहाटेच्या ट्रॉलीवर दर वेळी अनुभवी चालकच असतो असे नाही. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकांखाली लावलेले दगड वाहन गेल्यावर तसेच रस्त्यात राहतात आणि मागाहून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतात, ही गोष्ट लहान वाटली तरी लहान नव्हे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये ट्रॅक्टर आणि जोडगाडी यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेपेक्षा अधिक भार वाहण्याबद्दल २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनास दोन हजार रुपये असा जबर दंड ठेवला आहे. न्यायालयांपुढे मात्र हा विषय बहुधा अपघातानंतर, आणि तोही विम्याच्या अंगाने येतो. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकाने ट्रॉली जोडली एवढ्यावरून त्याचा परवाना निष्फळ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितले. साडेसात हजार किलोंच्या आतील वाहनांपुरता हलक्या वाहनाचा परवानाच पुरेसा आहे, ही भूमिका घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केली. अपघातग्रस्तांना भरपाई मिळण्याच्या दृष्टीने हे निर्णय उपकारकच आहेत. तथापि परवाना वैध असणे आणि सहा टनांचे जोडवाहन उतारावर आवरता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढण्याचे काम न्यायालयाचे नव्हे.

ट्रॉलीतून माणसे नेण्याचा प्रश्न वेगळा, आणि त्याबाबत दुमत असण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशात घाटमपूरजवळ ऑक्टोबर २०२२ मध्ये भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जीव गेले. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून सात शेतमजूर महिला बुडाल्या. मजुरीच्या गावी जाण्यास दुसरे वाहन नसते म्हणून बायका ट्रॉलीत बसतात, याचाही विचार दंडाच्या पावत्या फाडणाऱ्यांनी करावयास हवा.

मग करावयाचे काय? दंड वाढवा, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. कांद्याचा भाव कोसळलेला असताना दोन खेपांचे डिझेल एका खेपेत वाचवू पाहणारा शेतकरी गुन्हेगार नव्हे. तो आपल्या हिशेबाने शहाणपणाच करीत असतो. त्याच्या हिशेबात ब्रेकची किंमत धरलेली नाही, कारण ती कोणीच त्याच्यापुढे मांडलेली नाही. ट्रॉली ज्या गावच्या कारखान्यात जोडून मिळते, तेथे तिच्या फळ्यांची उंची आणि पत्र्याची जाडी यांवर घासाघीस होते. ब्रेक हा विषयच निघत नाही. तेव्हा आरंभ तेथूनच व्हावयास हवा. शेतीयंत्रांच्या खरेदीला शासन अनुदान देते. ते ट्रॉलीला देताना तिला स्वतःचा ब्रेक, मागे चालू दिवे आणि हुकाला जोडसाखळी असल्याखेरीज देऊ नये, आणि ब्रेकचा वाढीव खर्च अनुदानातच धरावा. जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवून देण्याचे काम जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांच्या आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेणे अशक्य नाही. त्यांच्या अभ्यासक्रमाला त्याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणे कठीण.

तपासणीसाठी नवे नाके उभारण्याचीही आवश्यकता नाही. बाजार समित्यांची आवारे आणि कारखान्यांचे गव्हाणीपुढील तळ हेच नाके आहेत. हंगामात ट्रॉल्या तेथे आपणहून येतात, तासन् तास रांगेत थांबतात आणि प्रत्येकीचे वजन होते. त्या थांबण्याच्या वेळात दिवे, परावर्तक, हुकाची पिन आणि पायटांची खिटी पाहण्यास एका माणसाला पाच मिनिटे पुरतात. पहिल्या हंगामात दंड न करता केवळ चिठ्ठीवर शेरा द्यावा. परावर्तक नसेल तर तो तेथेच लावून द्यावा. त्याचा खर्च समितीच्या उत्पन्नात न जाणवण्याइतका किरकोळ असेल.

पावसाळी कांदा साधारण नोव्हेंबरपासून बाजारात येऊ लागतो. याच सुमारास उसाचे गाळप सुरू होते आणि द्राक्षांच्या पिकअप गाड्याही पुढे त्याच रस्त्यांवर उतरतात. शिवाय २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. त्यासाठी रुंद होणाऱ्या रस्त्यांवर बाहेरगावची वाहने आजच्यापेक्षा अधिक वेगाने धावतील, आणि ट्रॉली मात्र तिच्या पाचव्या हिश्शाच्या ब्रेकनिशी त्यांच्यापुढे चालत असेल. बाजार समित्यांच्या संचालक मंडळांनी हा विषय आगामी हंगामापूर्वीच्या बैठकीत घ्यावा. भुईकाटा त्यांच्याच आवारात आहे.