सखल जागी कोण राहतं?

धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड दाबून जमिनीखालच्या सच्छिद्र खडकात भरायचा. वर न झिरपणाऱ्या खडकाचं झाकण. ही थाप नाय. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनरला १९९६ साली हा वायू असा पुरणं सुरू झालं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावरही संशोधकांची नजर आहे, म्हणून लिहितोय.

मी गोदीत राबतो. जहाजाच्या पोटात कोंडलेली हवा माणूस कसा गिळते, मला ठाऊकाय. हा वायू हवेपेक्षा जड. सुटला की सखल जागी साचतो. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मिसिसिपीत, सटार्शिया गावाजवळ त्याचा नळ फुटला. गाड्यांची इंजिनं बंद पडली, पंचेचाळीस माणसं इस्पितळात गेली.

हॉलंडात बारेन्ड्रेख्ट शहराखाली हाच वायू पुरायचा बेत होता. लोक उठले. २०१० साली सरकारनं बेत गुंडाळला.

खडक वायू धरेलही. धूर कमी व्हायलाच हवा, उन्हात पहिली आपलीच कातडी भाजते. पण सखल जागी कोण राहतं? नाल्याकाठी, गावकुसाबाहेर? आपणच ना! मग नळाचा नकाशा आधी आमच्या वस्तीत उलगडा. आमच्या भाषेत समजवा. आणि आम्ही नाही म्हटलं, तर ते बारेन्ड्रेख्टच्या नाहीइतकंच वजनदार धरा.