विश्लेषण : रोबोट अडखळतो, दोष कोडचा की बोर्डचा?

शाळेच्या प्रयोगशाळेत बनवलेली चारचाकी रोबोट-गाडी हातात उचलून धरली, की झकास चाके फिरवते. जमिनीवर ठेवली, की थोडी सरकते, थबकते आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. मुले कोड तपासत बसतात. तो अनेकदा बरोबरच असतो. गडबड असते मायक्रोकंट्रोलरवर बसवलेल्या विस्तार-बोर्डात, म्हणजे ‘शील्ड’मध्ये.

हा बोर्ड लागतोच कशाला?

आर्डुइनो प्रकल्प २००५ मध्ये इटलीत सुरू झाला आणि हौशी मंडळींना स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड मिळाला. मात्र ‘उनो’च्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये; ४० मिलिअँपिअर ही टोकाची मर्यादा. पिवळ्या गिअरची छोटी मोटरही सुरू होताना याच्या अनेक पट प्रवाह मागते. म्हणून मधे मोटर ड्रायव्हर हवा. (उनोच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांमधले अंतर चुकून वेगळे राहिले. तोवर त्या मापाची शील्ड बाजारात आल्याने चूकच प्रमाण ठरली!)

वीज कुठे हरवते?

स्वस्त बोर्डांवर हमखास दिसणारी ‘एल२९८एन’ ही जुनी चिप १ अँपिअरला १.८ ते ३.२ व्होल्ट स्वतःच गिळते. बॅटरी ६ व्होल्टची असेल, तर मोटरपर्यंत जेमतेम ३-४ व्होल्ट पोहोचतात. उरलेल्याची उष्णता होते. मॉस्फेट वापरणाऱ्या ‘टीबी६६१२’ चिपमध्ये हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. तरीही जुनीच चिप खपते, कारण सगळीकडे उदाहरणे तिचीच सापडतात.

दुसरी चूक अधिक महागात पडते. मोटर, सर्व्हो आणि मायक्रोकंट्रोलर यांना एकाच ५ व्होल्टच्या रेग्युलेटरवर जोडले जाते. ९ व्होल्टमधून ५ व्होल्ट करताना अर्धा अँपिअर प्रवाहाला २ वॅट उष्णता निघते. त्यात जमिनीवर भार आला, की मोटर आणखी प्रवाह ओढते, व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. हीच ती थबकणारी गाडी. मोटरची वीज वेगळी, ग्राउंड सामाईक, ड्रायव्हरलगत मोठा कपॅसिटर आणि उलट्या बॅटरीपासून संरक्षण एवढे केले तरी बहुतेक तक्रारी मिटतात. बोर्डवरचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. ३ अँपिअर वाहून न्यायचे तर रेषा किमान दीड मिलिमीटर रुंद हवी. जाहिरातीत मात्र सॉकेट किती, एवढेच मोठ्या अक्षरांत असते.

मग शाळांनी काय करावे?

देशात दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या आहेत आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. तयार किट जोडणे हीच तिथली इतिकर्तव्यता ठरली, तर मुले कोड लिहायला शिकतील. पण गाडी का थांबली, हे त्यांना कधीच कळणार नाही. सर्किट आकृती न देणारा बोर्ड शाळेने विकतच घेऊ नये. ‘कायकॅड’सारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध असताना नववीच्या मुलांना दोन थरांचा साधा बोर्ड आखणे अवघड नाही. पहिला नमुना बहुधा बिघडेल. तेवढा खर्च धरूनच चालावे. सुरुवात मात्र संगणकावर नव्हे, मल्टिमीटरवर करावी : चाक क्षणभर हाताने अडवायचे आणि मोटर किती प्रवाह ओढते ते मोजायचे. ड्रायव्हर त्या आकड्यावरून निवडायचा.