मोतीबिंदू आणि सोन्याची सुई

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील ज्येष्ठ व्यापाऱ्यास खातेवहीतील आकडे पुसट दिसू लागले, की तो प्रथम दिव्याला दोष देतो, मग चष्म्याला. मोतीबिंदूचे निदान झाल्यावरही ‘पिकू द्या’ म्हणून शस्त्रक्रिया लांबते. तोवर कोणी स्नेही चिनी वनौषधींच्या गोळ्या सुचवितो. या चिनी उपचारांचा इतिहास मात्र भारतापाशीच येऊन पोहोचतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाश’ या विकारावर जवासारख्या टोकाच्या शलाकेने दृष्टीआड आलेला अडथळा दूर करण्याची क्रिया वर्णिली आहे. ही विद्या बौद्ध भिक्षूंच्या मार्गाने चीनमध्ये पोहोचली. वांग ताओ यांनी इ. स. ७५२ मध्ये संकलित केलेल्या वैद्यकग्रंथात सोन्याच्या सुईच्या उपचाराचा उल्लेख आढळतो. १९७५ मध्ये माओ त्से-तुंग यांच्या डोळ्यावरही याच पद्धतीचे सुधारित रूप वापरण्यात आले.

चिनी वैद्यक नेत्रांचा संबंध यकृत व मूत्रपिंडांशी जोडते आणि गोजीची फळे, शेवंतीची फुले यांची योजना करते. परंतु त्याच परंपरेतील वैद्यांनी दृष्टी झाकोळल्यावर सुई हाती घेतली, हे विसरू नये. भिंगातील प्रथिने गढूळ होणे हे दुधाचे दही होण्यासारखे आहे. दह्याचे पुन्हा दूध होत नाही. गोळी, काढा वा डोळ्यात घालावयाचे थेंब यांनी मोतीबिंदू विरघळतो, हे सिद्ध झालेले नाही.

सुईने तरी भिंग केवळ बाजूस सरकत असे. ते डोळ्यातच राहिल्याने दाह व काचबिंदू यांचे भय उरे. १९४९ मध्ये लंडन येथे हॅरल्ड रिडले यांनी प्रथम कृत्रिम भिंग बसविले. आज गढूळ भिंग काढून त्या जागी पारदर्शक भिंग बसवितात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो.

म्हणून मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे आता कारण नाही. दैनंदिन कामात अडचण येऊ लागली, की नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अति पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि त्यामुळे गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब नियमित घालावे लागतात. तेव्हा पर्युषणातील उपवासांचा विचार करून तारीख आधीच ठरवावी. मधुमेह असल्यास डॉक्टरांना तो अवश्य सांगावा. थकबाकी वेळीच वसूल केली तर मुद्दल वाचते; दृष्टीचेही तसेच आहे.