निवेदकाची निवड
केसकरांच्या नभोवाणी मंत्रिपदाच्या काळात, १९५२ मध्ये, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’त निवेदक अमीन सयानी यांनी श्रोत्यांना आपलेसे केले आणि ते श्रोते परत मिळवण्यासाठी आकाशवाणीला १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, गीतमालेच्या त्या यशात गाण्यांइतकाच निवेदकाचाही वाटा होता. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमातही राग, ताल, कलावंत यांची नावे वाचून दाखवणारा निवेदक पुरेसा नसतो. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, गायक कशी गाठतो याकडे जो एका वाक्यात कान वळवतो आणि मग गप्प राहतो, तोच खरा जाणकार. म्हणून नैमित्तिक उद्घोषकांच्या, म्हणजे पाळीगणिक मानधनावर बोलावल्या जाणाऱ्यांच्या, आवाजचाचणीत उच्चारांबरोबर संगीताची समजही आकाशवाणीने तपासावी, आणि निवडलेल्यांना संग्रहातील ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी मोबदल्यासह वेळ द्यावा.