सायकलस्वाराचे ओझे

रायपूर शहर छत्तीसगढच्या सपाट मैदानात वसले आहे. तात्यापारा किंवा बुढापारा येथून जयस्तंभ चौकापर्यंतचे अंतर सायकलला मुळीच जड नाही. तरीही सायकलने कार्यालयात येण्याचा विषय निघाला की उन्हाच्या जोडीने हमखास पुढे येते ती सामानाची अडचण. डबा, पाण्याची बाटली, छत्री, कागदपत्रे, बदलावयाचा सदरा हे सारे न्यावयाचे कसे? माझ्या मते या प्रश्नाचे अर्धे उत्तर सायकलस्वाराने द्यावयाचे आहे आणि उरलेले अर्धे कार्यालयाने.

प्रथम सायकलस्वाराचा वाटा पाहू. खांद्यावरील ओझ्याने पाठ घामाने भिजते, मान आखडते आणि भार उंचावर असल्याने तोलही ढळतो. हँडलला लोंबकळणारी पिशवी वळताना हेलकावे खाते. ती चाकात अडकण्याची भीती निराळीच. सामानाची खरी जागा मागील कॅरिअरवर आहे. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या असाव्यात, जड वस्तू तळाशी व चाकाच्या आसाजवळ ठेवाव्यात, दोरीची टोके मोकळी सोडू नयेत. सन १८९० पासून चालत आलेली मुंबईच्या डबेवाल्यांची सेवा याची साक्ष देते. त्यांच्या सायकलीवर डब्यांच्या पिशव्या दोन्ही अंगांना विभागलेल्या असतात. भार मोठा असला तरी तोल सांभाळला जातो. पावसाळ्यात कागद आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मगच बॅगेत ठेवावेत. एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळावा : रोकड, पासबुक, धनादेश व किल्ल्या कॅरिअरवर कधीही ठेवू नयेत, त्या अंगावरच असाव्यात.

आता कार्यालयाचा वाटा. रोज वाहून आणल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तू रोज आणण्याची गरजच नसते. कुलूप लावता येईल असा एक कप्पा मिळाला तर जास्तीचा सदरा, बूट, चार्जर, छत्री तेथेच राहतील. पिण्याच्या पाण्याची चांगली सोय असेल तर भरलेली बाटली आणावी लागणार नाही. छप्पर असलेला स्टँड असेल, तर पिशव्या सोडताना पावसात भिजावे लागणार नाही. मोटारींसाठी जागा आखणाऱ्या संस्थेला हा खर्च क्षुल्लक आहे.

याला केवळ सोयीचा प्रश्न मानणे योग्य नव्हे. सन २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. थापी व ओळंबा घेऊन कामावर निघणारा गवंडी, निवृत्तिवेतनासाठी शाखेत येणारे वृद्ध ग्राहक, आपल्याच शाखेतील शिपाई यांच्यापैकी अनेकांना सायकलवाचून दुसरा पर्याय नसतो. राज्य शासनाच्या सरस्वती सायकल योजनेतून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, हे स्तुत्यच आहे; परंतु दप्तर पाठीवरच राहिले तर ते साहाय्य अपुरे ठरते. शालेय दप्तर धोरण २०२० नुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. मुलांच्या पाठीचा असा विचार होतो, तर मोठ्यांच्या पाठीचाही व्हावा.

आपण ताळेबंदात प्रत्येक रकमेला तिची योग्य जागा देतो. सायकलने येणाऱ्या सहकाऱ्याच्या व ग्राहकाच्या ओझ्यालाही आपल्या शाखेत तशीच एक जागा असावी, एवढीच अपेक्षा.